परातीतली लढाई

बाजीराव आबांच्या पत्र्याच्या शेडपुढं दीडशे चपला सुटल्या होत्या आणि शेजारच्या पाटीत जवळजवळ तेवढेच मोबाईल. चपलांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मोबाईलच्या पाटीशी मात्र आत बसलेल्या महाराजांचा मेहुणा काठी घेऊन बसला होता. मे महिन्याची दुपार, ऊन असं की कुत्रीसुद्धा कालव्याच्या पाण्यात जाऊन बसलेली, आणि आमची अख्खी वस्ती त्या तापल्या शेडमध्ये शिरायला एकमेकांच्या अंगावर पडत होती. आत लढाई चालू होती. पितळी परातीत.

सणसरच्या अलीकडं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला आमची साठ-सत्तर घरांची वस्ती आहे. सीमा इथून कितीतरी लांब. पण त्या मे महिन्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि तिसऱ्या मिनिटाला लढाई आमच्या पारावर येऊन बसली. ज्यांना स्वतःच्या बांधाची हद्द आजवर नीट दाखवता आली नव्हती, ते शत्रूची विमानतळं कुठं कुठं आहेत आणि त्यांतली किती गेली, हे छातीठोक सांगू लागले. रोज संध्याकाळपर्यंत एखादं नवीन शहर पडायचं. पडलेल्या शहरांत सगळ्यांत मोठं होतं खुदावा.

खुदावा नेमकं कुठं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते पडताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तीस सेकंदांचा व्हिडिओ होता. लालभडक जाळ, फटाफट गोळीबार, धुरातून पळणाऱ्या सावल्या, मधूनच कुणीतरी फोडलेला हंबरडा, त्यावर ढोलताशांचं संगीत आणि खाली ठसठशीत हिंदीत ‘खुदावा में घुसी सेना’. बावीस लाख लोकांनी तो पाहिला होता. बाजीराव आबांनी तर फटाक्यांची माळ लावली आणि पारावर पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. माझं नाव जोतीराम. कारखान्याच्या शेतकी खात्यात छत्तीस वर्षं चिटबॉय होतो. शिवारातल्या उसाच्या नोंदी घ्यायच्या आणि तोडीच्या चिठ्ठ्या वाटायच्या, हे चिटबॉयचं काम. अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘बॉय’ म्हणूनच निवृत्त झालो. नऊ महिन्यांचा ऊस चौदा महिन्यांचा आहे म्हणून रोज दहा माणसं ज्याच्यापुढं लेकराबाळांच्या शपथा घेतात, तो कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही. तो स्वतःच्या पायानं प्लॉट फिरून येतो. त्यामुळं वस्ती मला तोंडावर तात्या म्हणते आणि माघारी शंकासुर.

तर शेडमधले हे त्रिकाळनाथ महाराज. मूळ नाव युवराज. इंदापूरच्या बाजूला लग्नाचे मंडप घालायचा, वरातीला एलईडीचे पडदे लावायचा. लढाई सुरू झाली त्याच दिवशी त्याला दिव्यदृष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो भगवी कफनी आणि काळा गॉगल घालून बाजीराव आबांच्या शेडमध्ये उतरला. शेडच्या झडपा तरटानं बंद. मधोमध चौरंगावर ही एवढी परात, तिच्यात काळंभोर पाणी. वर झेंडूच्या माळा सोडलेला काळा चांदवा. लोकांनी परातीच्या एकाच बाजूला बसायचं, डोक्यावर टॉवेल नाहीतर पदर घ्यायचा आणि मान खाली घालायची.

“बालकांनो,” महाराज सुरू व्हायचे, “सॅटेलाईट मानसानं केल्याला हाय, ढग आला की आंधळा व्हतो. ही परात ब्रह्मलहरींवर चालती. हे पानी न्हाय, त्रिकाळजल हाय. वर कुनी बघायचं न्हाय! लहरी वरनं येत्यात, थेट बुबुळात घुसत्यात. मग डोळं गेलं म्हनून माझ्याकडं यायचं न्हाय.”

दीडशे माना आणखी खाली जायच्या. मग पाण्यात हळूहळू उजेड फुटायचा आणि खुदावा पेटायचं.

मी पहिल्याच दिवशी जाऊन आलो. पाण्यातली अक्षरं मला उलटी दिसत होती. विचारलं, “महाराज, ही अक्षरं अशी का?”

“शत्रूची लिपी हाय. उजवीकडनं डावीकडं जाती.”

“पण ही तर आपली देवनागरी आहे.”

“शत्रूनं पळवल्याली.”

लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू ती मीच पळवून दिली होती. पुढं वस्तीची लाईट गेली आणि त्रिकाळजलही काळं पडलं. “शत्रूनं लहरी अडीवल्या!” महाराज ओरडले. शेडमागं जनरेटर घुरघुरला, आणि शत्रूनं लगेच माघार घेतली.

महाराज पैशाला शिवत नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांची दक्षिणा वेगळी होती. बाहेर आल्यावर पाटीतून आपला मोबाईल घ्यायचा, महाराजांचं चॅनेल सबस्क्राईब करायचं, खुदाव्याचा व्हिडिओ अकरा ग्रुपांवर धाडायचा आणि ते मेहुण्याला दाखवायचं. मग तो चिमूटभर अंगारा द्यायचा. तीन दिवसांत महाराजांचे भक्त चारशेवरून चाळीस हजारांवर गेले. लढाई आणखी आठवडाभर चालली असती तर ते जिल्हा परिषदेला उभे राहिले असते.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण सिंधूवहिनी त्यात सापडली.

सिंधूवहिनी म्हणजे माझ्या मरून गेलेल्या मित्राची बायको. एकुलता एक मुलगा इंद्रजित फौजेत. लढाईच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता, “आई, थोडं दिवस फोन बंद राहील, घोर करू नको.” तेव्हापासून फोन बंदच. लढाई सुरू झाल्यावर बाईनं एक रात्र कशीबशी काढली आणि सकाळी परातीपुढं जाऊन बसली. “महाराज, माझा इंद्रजित दिसंल का हो?”

महाराजांनी गॉगलमधून पाण्यात पाहिलं. “दिसतोय. खुदाव्यात हाय. चारी बाजूंनी जाळ. ती हाक ऐकू येती का, माय? भारतमाता रडतीय त्याच्यासाठी. त्यो जाळ इझेपातूर तू अन्नाला शिवायचं न्हाय. पानी चमचाभर. आन् गोळ्याऔशिदं तर न्हाईच न्हाई, त्यानं लहरी तुटत्यात.”

वहिनीला बारा वर्षांची साखरेची व्याधी. तिनं गोळ्यांची डबी देवळीत ठेवली आणि तोंड बंद केलं. आणि जाळ विझणार कसा? व्हिडिओ तीस सेकंदांचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तो सात जन्मांत विझला नसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर ज्योत्स्ना माझ्या दारात स्कूटर लावून उभी राहिली. ही आमच्या बुद्धघोष गुरुजींची मुलगी. एमबीबीएस करून पुण्याबिण्याला न राहता इथंच रस्त्याकडेला दवाखाना घातला आहे. स्वभावानं शांत, पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता.

“तात्या, सिंधूकाकूंची साखर चारशेच्या वर गेलीय. जीभ कोरडी पडलीय, उठवत नाही, सलाईन लावू देत नाहीत. संध्याकाळपर्यंत गोळी आणि पाणी पोटात गेलं नाही तर बेशुद्ध पडतील. मग बारामतीला न्यावं लागेल, आणि त्यातून उठतीलच असं मी सांगू शकत नाही.”

“मी सांगून थकलो, पोरी. म्हणते, परातीत डोळ्यांनी बघितलंय.”

“मग परातच बघू या. चला.” ती वळली आणि पुन्हा थांबली. “आणि तात्या, तो खुदाव्याचा व्हिडिओ मला तुमच्याकडूनच आलाय. वर ‘जय हिंद’, खाली तीन तोफा.”

छत्तीस वर्षं ज्यानं कुणाचा शब्द प्लॉट फिरल्याशिवाय मानला नाही, त्यानं बावीस लाख आकडा पाहिला, देशाचा विजय म्हटल्यावर ऊर भरून आला आणि बोटानं व्हिडिओ पुढं ढकलून दिला. परातीला हसणाऱ्या मी खिशातल्या मोबाईलला एकही प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगतो, मला लाज वाटली.

शेडमध्ये वहिनी चौरंगाच्या अगदी पुढं, मेढीला पाठ टेकून बसली होती. ओठ फुटलेले, डोळे परातीवर. ज्योत्स्ना आत शिरली ती उन्हातली काळी छत्री हातात तशीच घेऊन.

“छत्री भाईर!” महाराज ओरडले.

“महाराज, माझे डोळे नाजूक आहेत. लहरी वरून येतात असं तुम्हीच म्हणता ना? म्हणून आणली.”

आता स्वतःच्याच शास्त्राला नाही कसं म्हणणार? महाराजांनी घसा खाकरला आणि मंत्र सुरू केला. पाण्यात उजेड फुटला. खुदावा पेटलं, गोळ्या फुटू लागल्या, बायका हुंदके देऊ लागल्या. ज्योत्स्ना उठली, दोन पावलं पुढं गेली आणि तिनं छत्री उघडून बरोबर परातीवर धरली.

लढाई थांबली. पाणी काळं, आवाज मात्र चालूच. तिनं छत्री मिटली, खुदावा पेटलं. उघडली, विझलं. असं तीनदा झालं. इतकी स्वस्त शस्त्रसंधी जगाच्या पाठीवर कुठं झाली नसेल.

“काळ्या रंगानं लहरी शोषल्या!” महाराज म्हणाले.

“परातीतलं पाणीही काळंच आहे की. ते नाही शोषत?”

दीडशे लोक मान खाली घालून हे ऐकत होते. वर बघायची कुणाची छाती होईना. शेवटी बाजीराव आबांची आई रंगुबाई, वय वर्षं ब्याऐंशी, डोक्यावरचा पदर मागं सारून म्हणाली, “माझं डोळं मोतीबिंदूनं गेल्यालंच हायती. माझं काय जायाचं हाय?” आणि तिनं वर पाहिलं. डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. “आगं बया! वर टीवी टांगलाय की गं!”

मग सगळ्यांनीच वर पाहिलं आणि डोळे कुणाचेही गेले नाहीत. ज्योत्स्नानं छत्रीच्या दांड्यानं चांदव्याचं पातळ काळं कापड ओढलं. झेंडूच्या माळांमागं, लोखंडी नळ्यांना बांधलेला भलामोठा एलईडी पडदा तोंड खाली करून लटकत होता.

“हे पाणी म्हणजे कोळशाच्या पुडीचं पाणी,” ती म्हणाली. “अंधारात काळं पाणी आरशासारखं काम करतं. वरचं चित्र खाली दिसतं. आणि आरशात अक्षर उलटं दिसतं, तीच तुमची शत्रूची लिपी. घरी जाऊन परातीत काजळाचं पाणी घ्या आणि वर मोबाईल धरा. तुम्हीसुद्धा महाराज व्हाल.”

हशा पिकला. दोघं-चौघं बाह्या सावरून युवराजकडं सरकले. पण मंडपवाला कसलेला होता. त्यानं गॉगल काढला आणि हात जोडले.

“परात माझी, पडदा माझा, कबूल. पर व्हिडिओ काय मी केलाय? त्यो तुमच्या समद्यांच्या मोबाईलात हाय! टीवीवर दाखीवलाय! त्यो बी खोटा म्हना की मग!”

हसणं एकदम बंद पडलं. “ते बी खरंच,” कुणीतरी म्हणालं. बाजीराव आबा पुढं आले. “बावीस लाख मानसं खुळी हायती व्हय, डाक्टरीणबाई? परात खोटी आसंल, खुदावा खरंच पडलंय.”

आणि सिंधूवहिनी अगदी बारीक आवाजात म्हणाली, “परात जळू दे. त्या मुडद्यानं टीवी टांगला, जाळ काय त्यानं लावलाय? माझं लेकरू त्या जाळातच हाय. मी खायाची न्हाय.”

तिच्या बोलण्यात काही चूक काढता येईना. एक फसवणूक पाच मिनिटांत उघडी पडली होती आणि दुसरी तिच्याच खांद्यावर उभी राहिली होती. ज्योत्स्नानं माझ्याकडं पाहिलं. मी मात्र ऐकत नव्हतो. मी कधी वर पडद्याकडं, कधी खाली परातीकडं बघत होतो.

व्हिडिओत जाळाच्या कडेला विजेचा एक खांब होता, कललेला. पडद्यावर तो उजवीकडं होता, माझ्या मोबाईलवरही उजवीकडंच दिसला होता, आणि तसा खांब मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण परातीत तो डावीकडं आला होता; पहिल्या दिवशी अक्षरांच्या नादात मी तिकडं पाहिलंच नव्हतं. आणि डावीकडं, अस्साच कललेला, वरची लोखंडी पट्टी वाकलेला खांब मला पक्का ठाऊक होता. जानेवारीत उसाची ट्रॉली धडकून तो वाकला. त्याच्या एका अंगाला बाजीराव आबांचा प्लॉट आणि दुसऱ्या अंगाला सिंधूवहिनीचा.

ज्यानं कुणी तो व्हिडिओ उचलला होता, त्यानं चोरी कळू नये म्हणून चित्राची डावी-उजवी बाजू बदलली होती. मोबाईलवर त्यामुळं कुणी ओळखला नाही. परातीनं त्या उलट्याचं पुन्हा उलटं केलं, म्हणजे सुलटं केलं. दोन लबाडांची गाठ पडली आणि आमचं शिवार मला दिसलं.

“उत्कर्षा,” मी हाक मारली. ही बाजीराव आबांची सून. ती आधीच तोंडाला पदर लावून उभी होती. “फेब्रुवारीत जाळ लागला तेव्हा बांधावर मोबाईल घेऊन तू उभी होतीस ना?”

“तात्या,” ती रडकुंडीला आली, “मलाबी आत्ताच वळखू आलं. पर तो ह्योच आसंल आसं…”

“जा, पाटीतनं तुझा मोबाईल आण.”

मूळ व्हिडिओ तिच्या मोबाईलमध्ये तसाच होता, दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा. तारीख फेब्रुवारीची. तिनं तो त्या वेळी रील म्हणून टाकला होता आणि हल्लीच्या पोरी लिहितात तसं वर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, ‘खोडवामध्ये घुसला’. एकदा तुटून गेलेल्या उसाच्या बुडख्यांतून जो दुसरा ऊस फुटतो, तो खोडवा. आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही हा शब्द ठाऊक असतो. पण इंग्रजी अक्षरांत ‘ड’ आणि ‘द’ यांना एकच अक्षर. लांब उत्तरेत कुणीतरी ते ‘खोदवा’ वाचलं, पुढच्यानं ‘खुदावा’ केलं, म्हणजे शत्रूचं शहर असणारच. कोण घुसला ते तिनं लिहिलं नव्हतं. ती जागा रिकामी होती, तिथं त्यांनी सेना बसवली. वर ढोलताशे घातले आणि शहर पडलं.

उत्कर्षाचा मोबाईल युवराजनंच आपल्या पडद्याला जोडून दिला. कसबी माणूस, हात थांबत नव्हते. तीन दिवस मान खाली घालून बसलेली वस्ती आता मान वर करून बघू लागली.

संगीत नव्हतं. नुसता जाळ. उसाच्या कांड्या जळताना फुटतात, त्यांचा फटाफट आवाज. सगळ्यांनी तो जन्मभर ऐकलेला, आणि तरी ढोलताशांत मिसळल्यावर त्याला गोळीबार म्हणून मुकाट मान डोलावलेली. मग धुरातून एक सावली लुंगी वर धरून पळत आली. तिच्या हातात पेटतं कोलीत होतं. बाजीराव आबा! तोडीनंतरचं वाळलं पाचट पेटवताना वारा फिरला आणि जाळ शेजारच्या खोडव्यात शिरला, हे वस्तीतल्या प्रत्येकाला वाटत होतं. पण तीन महिने आबा एकच सांगत होते, तारांचं घर्षण झालं. ते घर्षण आता बावीस लाख लोकांपुढं लुंगी नेसून पळत होतं, आणि त्याच जाळाला आबांनी पेढे वाटले होते.

“आबा, खुदावा तुमीच पाडलं म्हना की!” मागून कुणीतरी ओरडलं. आबांनी टॉवेलानं तोंड पुसायला घेतलं ते बराच वेळ पुसत राहिले.

तेवढ्यात पडद्यावरून हंबरडा आला, स्वच्छ, अगदी कानाशी. “खोडव्यात शिरला गं बाऽऽई! बाजीराव, मुडद्या, माझ्या खोडव्यात शिरलाऽऽ!”

तो आवाज सगळ्यांनी ओळखला होता. एकटी सिंधूवहिनी डोळे ताणून वर बघत म्हणाली, “ही कोन बया वरडतीया?”

“आगं, तूच की!” रंगुबाई म्हणाली.

“मी? माझा आवाज आसला हाय?”

आपला आवाज बाहेरून ऐकला की माणसाला ओळखू येत नाही. महाराजांची भारतमाता ती स्वतः होती. तीन दिवस ती आपल्याच रानातल्या जाळासाठी आणि आपल्याच हाकेसाठी उपाशी बसली होती. मला हसू आलं, पण तिच्या फुटलेल्या ओठांकडं पाहून मी ते आवरलं.

पडद्यावर लोक ओल्या फांद्यांनी जाळ झोडपत होते, टँकर आला, पाणी उडालं. शेवटी नुसता धूर राहिला आणि कुणीतरी म्हणालं, “इझला, इझला बाबा.”

“इझला व्हय?” वहिनीनं विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. म्हणणार होतो की वहिनी, जाळ विझला, नेम पुरा झाला, आता गोळी घ्या. सोपं होतं, काम झालं असतं. ज्योत्स्नानं माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, “नाही तात्या. खोट्याचा आधार घेऊन नको. उद्या दुसरा कुणी दुसरा जाळ दाखवील.”

ती वहिनीपुढं मांडी घालून बसली. “काकू, हा फेब्रुवारीतला तुमच्या खोडव्याचा जाळ आहे. इंद्रजित यात कधीच नव्हता.”

“मग माझा इंद्रजित कुठं हाय?”

दीडशे माणसांना वाटत होतं, डॉक्टरनं आता काहीतरी चांगलं सांगावं. मलाही वाटत होतं.

“मला माहीत नाही, काकू,” ज्योत्स्ना म्हणाली. “मला नाही, परातीला नाही, त्या व्हिडिओ पाठवणाऱ्यांना तर नाहीच. त्याच्या पलटणीला माहीत आहे, आणि ती आत्ता सांगणार नाही. सांगूच नये. आपल्या मोबाईलवर जे येतं ते शत्रूच्याही मोबाईलवर जातं. फोन बंद राहील असं तो सांगून गेला होता. एवढंच आपल्याला खरं माहीत आहे. गोळी घेतली नाही तर तुम्हाला काय होईल, ते मात्र मला पक्कं माहीत आहे.”

वहिनी मेढीचा टेका सोडून पुढं झुकली.

“चार दिस झालं,” ती म्हणाली, “जो येतोय त्यो सांगतोय. कुनी म्हनतंय खुदाव्यात हाय, कुनी म्हनतंय डोंगरावर हाय, कुनी म्हनतंय टीवीत बघितला. म्हाईत न्हाय म्हननारी तूच पयली भेटलीस, पोरी.” तिनं हात पुढं केला. “जी म्हाईत न्हाय ते न्हाय म्हनती, तिचं गोळीचं बी खरंच आसंल. दे.”

उत्कर्षा तांब्या आणायला धावली. मी टॉवेलानं डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

ज्योत्स्नानं तिथंच बाजेवर सलाईन लावलं. बाटली टांगायला युवराजच्याच मंडपाची नळी उपयोगी पडली. पोरं त्याला झोडपायला निघाली होती, ती तिनंच थांबवली. मात्र औषध बंद करायला सांगितल्याची लेखी तक्रार तिनं पोलीस ठाण्यात दिली, आणि ती मागं घेतली नाही. जाताना युवराज मला म्हणाला, “तात्या, देवाशपथ, व्हिडिओ मला बी खराच वाटला हुता.” मला ते खरं वाटलं. परात त्यानं आम्हाला दाखवली, पण खुदाव्याच्या बाबतीत तोही आमच्याच ओळीत बसलेला होता.

इंद्रजितचा फोन नवव्या दिवशी आला. ठीक होता. कुठं होता ते त्यानं सांगितलं नाही आणि वहिनीनंही विचारलं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं आणि मग पोटभर रडली.

युवराजची परात ओळखणं सोपं होतं, कारण तिला छत्री लावता येत होती. प्रत्येकाच्या खिशात आता अशी एक परात आहे, आणि तिचा महाराज कोण हे कुणालाच ठाऊक नाही. लढाईच्या दिवसांत माणूस बातमीला भुकेला असतो. ज्याचं लेकरू तिकडं आहे तो सगळ्यांत जास्त. म्हणून त्या दिवसांत तरी, देशाच्या नावानं ऊर भरून आला की मी आता आधी हात आवरतो.

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर अजूनही कुणी ना कुणी पेटलेली जहाजं आणि पडलेली शहरं टाकतोच. मिनिटभरात सिंधूवहिनीचा आवाज येतो. तिला लिहिता येत नाही, ती बोलून पाठवते, “आरं, कुनाच्या रानातला जाळ हाय ह्यो? व्हिडिओ कुनी काडला, कवा काडला? म्हाईत नसंल तर म्हाईत न्हाय म्हना आन् गप ऱ्हावा.” तुमच्यापैकी ज्या कुणाच्या हातात मोबाईल आहे, त्यानं निदान या बाईला देता येईल एवढं उत्तर मिळाल्याशिवाय काहीही पुढं ढकलू नये. माझं एवढंच मागणं आहे.